प्राध्यापक गोखले आणि सरकारची शिल्लक

आम्ही धान्याचे ठोक व्यापारी. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची पात्रता नाही. तथापि जमाखर्च वाचणे हे आपणां सर्वांचे नित्यकर्म असल्याने, ज्या प्राध्यापकाने साऱ्या देशाचा जमाखर्च राज्यकर्त्यांपुढे वाचून दाखविला, त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. हे प्राध्यापक म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. १८८४ साली बी. ए. झाल्यावर ते पुण्यास शिक्षक झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून दरमहा ७५ रुपयांवर त्यांनी संसार केला. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी प्रथम इंग्रजी व गणित, पुढे इतिहास व अर्थशास्त्र शिकविले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक शाळाशाळांतून चालत असे. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली त्यांनी सरकारी अहवाल व आकडे तपासण्याचे शिक्षण घेतले. १८९७ साली लंडनला वेल्बी आयोगापुढे त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष दिली. १८९९ साली ते मुंबई कायदेमंडळात गेले आणि १९०२ साली प्राध्यापकी सोडून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात दाखल झाले.

या कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत होते. अंदाजपत्रकावर बोलता येई, परंतु मत देता येत नसे. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकाची चर्चा निघाली. सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली म्हणून अर्थसचिवांचे अभिनंदन चालले होते. गोखल्यांनी त्या अभिनंदनात भाग घेण्याचे नाकारले. १८९६-९७ व १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी देश होरपळला होता. मध्यप्रांतात व आपल्या बालाघाट जिल्ह्यातही अन्नान्नदशा झाली होती. वर प्लेगचा कहर होता. प्रजा उपाशी असता तिजोरी भरते कशी, हा त्यांचा प्रश्न होता.

उत्तर त्यांनी हिशेबानेच दिले. आमच्या तरुण वाचकांनी पाटी घेऊन तो हिशेब करून पाहावा. सरकारला दरवर्षी विलायतेस मोठी रक्कम पौंडांत धाडावी लागे. पौंडाचे २४० पेन्स. रुपयाचा भाव १३ पेन्सपर्यंत उतरला होता, तेव्हा एका पौंडास सुमारे साडेअठरा रुपये पडत. १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीस बंद करून सरकारने रुपयाची टंचाई केली व पुढे भाव १६ पेन्सवर नेला. तेव्हा तोच पौंड १५ रुपयांस मिळू लागला. म्हणजे पौंडामागे सुमारे साडेतीन रुपये वाचले. परंतु रुपया स्वस्त असताना वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक पडली ती येथून. रयतेच्या घरी उत्पन्न वाढले म्हणून पडली नव्हती.

करांपैकी मिठाचा कर अत्यंत जाचक होता. १८८८ साली तो मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. तांदळाचा भाव चढला की किरकोळ दुकानदारांची मागणी चांगल्या तांदळावरून कणीकडे वळते, हे आपण पेठेत पाहतो. मिठाला कणी नाही. गरिबाने एक तर पूर्ण कर द्यावा, नाहीतर मीठच कमी खावे. दरडोई खप घटत असल्याचे आकडे मांडून गोखल्यांनी नेमके हेच दाखविले, आणि कर उतरविल्यास खप वाढून सरकारचे फारसे नुकसान होणार नाही, असे सांगितले. माफक नफ्यावर अधिक माल विकणाऱ्या व्यापाऱ्यास हे तत्त्व समजावून सांगावयास नको.

मतदान नसताही हे बोलणे वाया गेले नाही. मिठाचा कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड व १९०७ साली एक रुपया झाला, खपही वाढला. १९०३ सालीच प्राप्तिकराची माफी वार्षिक ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली. हीही गोखल्यांची मागणी होती. लहान दुकानदारास तिचा केवढा आधार झाला असेल, हे आपण जाणतोच. हे सर्व एकट्या गोखल्यांचे श्रेय नव्हे. परंतु सरकारच्याच आकड्यांनी सरकारला उत्तर देणारा मनुष्य सभेत बसला आहे, ही जाणीव राज्यकर्त्यांस सतत राहिली.

सर्वत्र यश आले असे मात्र नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाकडे पहिले पाऊल म्हणून त्यांनी १९११ साली विधेयक आणले. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षाच्या आतच, त्यांचा अंत झाला. मिठावरील कर १९४७ साली उठला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला.

दरवर्षी अंदाजपत्रक प्रसिद्ध होते, तेव्हा आपण बहुधा आपल्या जिनसेवरील कराची तेवढी ओळ शोधतो. ती शोधावीच, पण पुढे जाऊन पैसा कोणाकडून आला व कोणासाठी खर्च झाला, हेही पाहावे. आपल्या खतावणीलाही हाच नियम लागू आहे. वर्षअखेर शिल्लक दिसली, तर ती अधिक माल खपल्याने पडली, की टंचाईत भाव चढल्याने, हे तपासावे. पहिली शिल्लक पुढील वर्षीही टिकते. दुसरीचा भार गिऱ्हाइकाच्या ताटावर पडलेला असतो. घरातील मुलामुलींस हिशेब शिकविताना हा भेदही शिकवावा, एवढीच आमची विनंती आहे.