शेजारच्या खोलीतला आवाज

ऑगस्ट २०२३ मधला ठाण्याच्या जोशी-बेडेकर कॉलेजचा तो व्हिडिओ आपण सर्वांनी पाहिला. भर पावसात चिखलात ओणव्या केलेल्या ज्युनियर्सना एनसीसीचा सिनियर काठीने झोडपतोय. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं म्हणून बाहेर कळलं आणि कारवाई झाली.

मी फर्स्ट इयरला असताना शेजारच्या खोलीत रात्री 'इंट्रो' चालायचा. आम्ही चौघं दार लावून सबमिशन लिहीत बसायचो. कोण पंगा घेणार! तो मुलगा दिवाळीनंतर परत आलाच नाही.

आपल्या राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. तक्रार आली की प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची. टाळली तर तेही गुन्ह्याला साथ देणारे ठरतात. पण हे सात दिवस तक्रारीपासून मोजतात! आणि ती मार खाणाऱ्यानेच करावी असं नाही. कुठलाही विद्यार्थी, पालक, शिक्षक करू शकतो. म्हणजे आम्ही चौघंही करू शकलो असतो.

यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालू. मेसच्या दारावर मी नंबर खडूने लिहिलाय. दोनदा कुणीतरी पुसला. परवा ऑइल पेंट आणला.