आधी लाकूड बघ, मग नक्षा काढ

बाळा, मेलबर्नची ही कार्यशाळा आता तुझ्या हाती. माझ्या उमेदीत वखारीला फोन केला की हव्या त्या मापाची व्हिक्टोरियन ॲश दारात यायची. ती इथल्या रानातल्या गगनचुंबी निलगिरींची. १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियाच्या सरकारी नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड थांबली. योग्यच झालं. त्या झाडांना ढोल्या पडायला शंभराहून जास्त वर्षं लागतात आणि लेडबीटर्स पॉसम हा छोटा प्राणी त्याच ढोल्यांत राहतो. पण आपल्याला हाताची सवय मोडावी लागेल. आम्ही नक्षा काढून लाकूड मागवायचो. तू आधी लाकूड बघ, मग नक्षा काढ.

नावाला भुलू नकोस. ‘टास्मानियन ओक’ हा ओक नव्हेच. निलगिरीच्या तीन जातींचं ते बाजारातलं नाव. टास्मानियात नैसर्गिक जंगलातली तोड अजून चालते. फळी रानातली की लागवडीतली, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नकोस.

लागवडीच्या लाकडाचा स्वभाव ओळख. इथल्या बहुतेक निलगिरी कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या. खोड बारीक, फांद्या वेळेवर न छाटल्याने गाठी फार, आणि करवत फिरताच आतला ताण सुटून फळी वाकते. त्यातून रुंद, एकसंध फळी मिळेल ही आशा सोड. अरुंद पट्ट्या काढून जोड. गाठ खुर्चीच्या पायात किंवा सांध्यात येऊ देऊ नकोस.

पाडलेल्या घराच्या तुळया मिळाल्या तर घे. इतक्या वर्षांत ते लाकूड पुरतं मुरलेलं असतं. मात्र रंधा लावण्याआधी धातुशोधक फिरव. एक खिळा पातं खराब करतो. खिळ्याभोवतीचा काळा डाग खोल जातो, म्हणून मापापेक्षा जास्त लाकूड घे. १९७० च्या आधीच्या घराचा रंग कोरडा घासू नकोस, त्यात शिसं असू शकतं. औषध मारलेलं हिरवट लाकूड जेवणाच्या टेबलाला कधीच लावू नकोस.

शहरात कुणाच्या आवारात वादळाने झाड पडलं, तर मालकाला विचारून ओंडका आण. त्याच दिवशी टोकांना मेण लाव, नाहीतर चिरा पडतात. फळ्या सावलीत रच. मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घाल, त्याही वरपासून खालपर्यंत एका रेषेत. इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशेब; खरा निकाल ओलावा मोजणाऱ्या मीटरचा. बारा टक्क्यांच्या वर काटा असेल तर थांब. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, तसंच हेही.

प्रत्येक थप्पीवर झाडाची जात, गाव आणि वर्ष खडूने लिही. मागच्या शेडमधल्या थप्पीवर मी २०२५ लिहिलंय. फळ्या तीन इंची आहेत. २०२८ च्या आधी तिला हात लावू नकोस.