रान गहाण टाकण्याआधी

पोरांनो, घरात मोठं ऑपरेशन निघालं की आपली नजर आधी बायकांच्या दागिन्यांवर जाते, मग रानावर. तिकडं वळण्याआधी काय करायचं, ते ध्यानात ठेवा.

कागद आजच नीट करा. आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं, असं चालत नाही. नवी सून, नवं बाळ कार्डावर चढलंय का बघा. सगळ्यांचं आयुष्मान कार्ड काढा. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही.

पहिली चौकशी सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची. जुलै 2024 पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, योजनेतली खासगी हॉस्पिटलंही आहेत. तिथं गेल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, गाठा आणि नेमकं विचारा, ‘हेच ऑपरेशन इथं योजनेत होतं का?’ योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात प्रत्येक ऑपरेशन बसत नाही. ठरवून करायच्या ऑपरेशनला मंजुरी आधी लागते. योजनेत बसलेल्या उपचाराला कुणी पैसे मागितले, तर पावती मागा आणि 155388 वर तक्रार करा.

पंचतारांकित एमआयडीसीत कामाला असाल आणि पगार 21,000 च्या आत असेल, तर ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, कपात होते का ते पगारपत्रकावर बघा. त्यात बायकामुलंच नव्हे, तुमच्यावर अवलंबून असलेले आईबापही येतात. मोठ्या हॉस्पिटलात जाताना मात्र ईएसआयसीचं रेफर पत्र हातात हवं.

योजनेत बसलं नाही, तर हॉस्पिटल धर्मादाय आहे का विचारा. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तिथं कामाला येतो. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज उपचार चालू असतानाच करा. त्याला डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडावं लागतं आणि मदत हॉस्पिटलच्या खात्यावर जमा होते.

खासगी विमा तब्येत धडधाकट असतानाच घ्या. बीपी, साखर लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं. आधीपासूनच्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. खोलीभाड्याची मर्यादा वाचा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली, तर डॉक्टरांच्या फीसारखे बिलातले काही खर्चही त्या प्रमाणात कापले जाऊ शकतात. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीनं तक्रारीची दाद घेतली नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं, त्याला फी नाही.

पदरचे पैसे घालायची वेळ आलीच, तर इम्प्लांट, आयसीयू, औषधं धरून अंदाज लेखी घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर 2017 पासून सरकारची मर्यादा आहे, बिलात ती तपासा. कर्ज काढायचंच तर बँकेत सोनंतारण करा, सावकाराच्या दारात जाऊ नका.

आणि एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. खर्चाच्या भीतीनं दुखणं अंगावर काढू नका. थांबल्यानं आजार वाढतो आणि खर्चही वाढतो. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन आरोग्यमित्रासमोर उभे राहा.