अकरा मासे आणि बारा मासे
(धम्म-अभ्यासाचा पाठ)



सोनाराच्या तराजूत बारा मासे भरले म्हणजे एक तोळा होतो. अकराच भरले तर तोळा पुरा नाही, मालात खोट आहे, असे समजतात. याच हिशेबाने गावाने माणसेही तोलली. लग्नातून जन्मलेला तो बारामाशी, लग्नाबाहेर जन्मलेला तो अक्करमाशी. हा शब्द आपल्या आजा-आजीने ऐकलेला आहे. कदाचित कोणाच्या तोंडावर फेकलेलाही आहे.

१९८४ साली एका तरुणाने हीच शिवी उचलली आणि आपल्या आत्मकथनाच्या माथ्यावर नाव म्हणून घातली. तो तरुण म्हणजे शरणकुमार लिंबाळे. त्यांच्या जीवनाचा आज आपण अभ्यास करू. लेखक मोठा आहे म्हणून केवळ नव्हे, तर त्यांच्या जीवनात नवदीक्षित कुटुंबांना विचारलेला एक प्रश्न दडलेला आहे म्हणून.

जन्म आणि बालपण

शरणकुमार यांचा जन्म १ जून १९५६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात हन्नूर येथे झाला. साल ध्यानात ठेवा. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरच्या भूमीवर बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी लोकांना धम्मदीक्षा दिली. नागपुरात माणसे नव्याने जन्मत होती, तेव्हा हन्नूरच्या महारवाड्यात हे बाळ साडेचार महिन्यांचे होते आणि त्याच्या कपाळावर गावाने आधीच शिक्का मारलेला होता.

आई मसामाई भूमिहीन महार घरातली. शेतमजुराची बायको. तिच्यावर जमीनदार पाटलाची नजर गेली. पुढे काय घडले ते लेखकाने काहीही न लपवता लिहिले आहे. जातपंचायतीने तिचा संसार मोडला. पोटची दोन मुले नवऱ्याकडे राहिली. पाटलाने तिला ठेवले आणि तिच्या पोटी शरण जन्मल्यावर वाऱ्यावर सोडले. बंधूंनो, पंचायतीने सजा कोणाला दिली? पाटलाला नव्हे. बाईला दिली आणि बाईच्या लेकराला दिली.

आजी संतामाई आणि तिच्याबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार नावाचा मुसलमान गृहस्थ यांनी या मुलाला माया दिली. मुलगा त्याला दादा म्हणे. ज्याचे रक्त होते त्या बापाने तोंड फिरवले. ज्याचे रक्तही नव्हते आणि धर्मही वेगळा होता त्याने मांडीवर घेतले. माणुसकी रक्तात शोधणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

भुकेचे वर्णन वाचताना हात थांबतो. सुगीत गुरे ज्वारी खातात आणि न पचलेले दाणे शेणातून पडतात. संतामाई ते शेण गोळा करी, धुऊन दाणे काढी, वाळवी, दळी आणि त्याची भाकरी करी. शाळेची सहल गेली तेव्हा सवर्ण मुले एका झाडाखाली जेवायला बसली, महारांची मुले दुसऱ्या झाडाखाली, आणि त्यांच्या वाट्याला उरलेले अन्न आले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी निबंध लिहावयास सांगितला, विषय सहल!

शाळेच्या रजिस्टरातले नाव

शाळेत नाव घालताना पहिला प्रश्न बापाचे नाव काय हा. ज्याला बापाने नाकारले त्याने कोणते नाव सांगावे? मुख्याध्यापकांनी खऱ्या बापाचे नाव नोंदले. बापाला ते मान्य नव्हते. तरी नाव राहिले आणि लिंबाळे हे आडनाव त्या रजिस्टरातून आयुष्यभर बरोबर आले. वाडा मिळाला नाही, जमीन मिळाली नाही, मिळाली फक्त नावाची एक ओळ. त्या एका ओळीच्या आधाराने मुलगा शिकला.

या ठिकाणी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, आईचे नाव आले पाहिजे. मसामाईच्या लेकराच्या वेळी असा नियम असता तर? वाढवले जिने, तिचे नाव पुसट शाईनेही कोठे नव्हते.

नोकरी, लेखन आणि मान

शिक्षणानंतर शरणकुमारांना टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. पगार आला, पण लातूरला भाड्याचे घर शोधताना जात पुन्हा आडवी आली. त्यांनी शिक्षण सोडले नाही. मराठी दलित साहित्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य यांचा तौलनिक अभ्यास करून पीएच.डी. मिळवली. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात त्यांनी काम केले. ज्यांना शाळा सुटली त्यांच्यापर्यंत शिक्षण नेणारे हे विद्यापीठ आहे.

'अक्करमाशी'च्या आधी दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले होते. वाट पडली होती. तरीही आपल्याच जन्माची, आईची, आजीची कहाणी उघड सांगणे हे सोपे काम नव्हते. अशी पुस्तके निघाली तेव्हा आपल्यातलेच काही जण म्हणाले, घरची लाज वेशीवर का टांगता? याचे उत्तर सरळ आहे. लाज ज्याने अन्याय केला त्याची असते. ज्याने सोसले त्याची नसते. सोसणाऱ्याने गप्प बसावे हीच तर अन्याय करणाऱ्याची सोय! हे पुस्तक इंग्रजीत २००३ साली गेले, आणि इतर भाषांतही पोचले.

१९९६ साली त्यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिले. वाचकाला आनंद झाला की नाही एवढ्यावर दलित साहित्य मोजू नका, स्वातंत्र्य, समता, बंधुता आणि न्याय या मूल्यांवर मोजा, असा त्यांचा आग्रह आहे. म्हणजे येथेही त्यांनी तराजूच बदलला.

कादंबरीकार म्हणूनही त्यांचे काम मोठे आहे. 'हिंदू' या कादंबरीत गावातल्या एका दलित कार्यकर्त्याच्या खुनाची कथा आहे, आणि आपल्या चळवळीतल्या ढिल्या माणसांनाही लेखकाने सोडलेले नाही. 'बहुजन' आली. २०१८ साली 'सनातन' प्रसिद्ध झाली. इतिहासाच्या पुस्तकांनी ज्या महारांना आणि आदिवासींना वगळले त्यांना तिने पानावर आणले. या कादंबरीस २०२० सालचा सरस्वती सन्मान मिळाला. के. के. बिर्ला प्रतिष्ठानचा हा पंधरा लाख रुपयांचा सन्मान. त्यापूर्वी मराठीत तो विजय तेंडुलकर आणि महेश एलकुंचवार यांना मिळाला होता. ज्याला गाव अकरा मासे म्हणाले, त्याचा हा मान झाला.

मग आपल्याला प्रश्न कोणता?

येथे पाठ संपला असे समजू नका. खरा पाठ येथून पुढे आहे.

शरणकुमारांना पाटलांनी नाकारले हे आपण समजू शकतो. पण 'अक्करमाशी'त याहून खोल जखम आहे. महारवाड्यानेही त्यांना पुरते आपले म्हटले नाही. लग्नाची वेळ आली तेव्हा अक्करमाशाला मुलगी द्यावयास आपलीच माणसे मागे सरली. गावाने ज्यांना शिवेबाहेर ठेवले, त्यांनी आपल्या वस्तीत आणखी एक शीव आखली! बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत ती हीच. वरचा लाथ मारतो, आणि ज्याला लाथ बसली तो आपल्या पायाखाली कोणी आहे का ते शोधतो.

आता आपल्या घरी या. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. सकाळी त्रिसरण-पंचशील होते. फार चांगली गोष्ट. पण मुलीला स्थळ आले की माजघरात हळूच काय विचारले जाते? "सोमवंशी की लाडवण? बावणे तर नाहीत ना? आईचे माहेर कोणते? घराण्यात काही डाग?" हा डाग म्हणजे काय हो? तो सोनाराचा जुना तराजू आपण धर्मांतराच्या वेळी टाकला की कोनाड्यात झाकून ठेवला?

सुत्तनिपातातील वसलसुत्ताची कथा आठवा. श्रावस्तीत भिक्षेस निघालेल्या भगवंतांना अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने 'वसल' म्हणून हटकले. वसल म्हणजे नीच, अस्पृश्य. भगवंत रागावले नाहीत. खरा वसल कोण, ते त्यांनी त्याला एकेक करून सांगितले. क्रोधी, लुबाडणारा, घेतलेले कर्ज नाकारणारा, ऐपत असून म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा, दुसऱ्याच्या बायकोशी दुराचार करणारा. सगळी मोजणी कर्माची, जन्माची एकही नाही. या मापाने मसामाईची गोष्ट मोजून पाहा. वसल कोण ठरतो? लेकरू, की लेकराला टाकणारा? हे उत्तर बुद्धाने अडीच हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. गाव अजून चुकीच्या माणसाला शिक्षा देते.

बावीस प्रतिज्ञांपैकी नवव्या प्रतिज्ञेने आपण सर्व माणसांना समान मानले आणि दहाव्या प्रतिज्ञेने समतेसाठी झटण्याचे वचन दिले. ते वचन दीक्षाभूमीवर दिले असले तरी पाळावे लागते ते सोयरिकीच्या बैठकीत, पंगतीत आणि वस्तीतल्या एकट्या बाईच्या लेकराशी बोलताना. नवऱ्याने टाकलेली बाई, बाप नसलेले मूल, दुसऱ्या जातीतून लग्न करून आलेली सून, यांना विहारात पहिल्या रांगेत जागा मिळते का? मिळत असेल तर आपण बौद्ध झालो. मिळत नसेल तर अजून व्हावयाचे आहे.

घरी बसून विचार करा

१. 'अक्करमाशी' घरात मोठ्याने वाचा. आजीला ऐकू द्या. तिला काय आठवते ते विचारा.
२. तुमच्या वस्तीत कोणाच्या जन्माविषयी कुजबूज होते का? ती ऐकून तुम्ही काय केलेत?
३. पुढच्या सोयरिकीत पोटजात न विचारण्याचा निश्चय घरातील सर्वांनी मिळून करता येईल का? कोण अडवील, आणि त्याला तुम्ही काय सांगाल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहू नका. घरात लग्न ठरेल तेव्हा द्या.

जयभीम. नमो बुद्धाय.