ड्रोन गेला? आधी मोबाइल सांभाळ

पोरा, वैतरणा खाडीवर गेलेला ड्रोन आला नाही की पहिली बोंब असते, "सिग्नल गेला!" त्यावर समाधान मानू नकोस. सिग्नल तुटला तरी बहुतेक ड्रोन आपसूक निघाल्या जागी परततात. हा का परतला नाही, ते शोध.

पुरावा तुझ्या मोबाइलमध्येच आहे. उंची, वेग, बॅटरी, उपग्रह, ड्रोनचा कल, सगळं ॲप उड्डाणभर नोंदवत असतं. ॲप काढून पुन्हा टाकायच्या फंदात पडू नकोस. नोंद आधी दुसरीकडे उतरवून घे. 1888 च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' आगबोट वादळात गडप झाली, तिचा सांगाडाही मिळाला नाही. तुझ्याकडे निदान शेवटच्या क्षणापर्यंतची नोंद आहे.

शेवटची दोन मिनिटं सावकाश बघ. ड्रोन तुझ्या दिशेनं पुरता कललाय, तरी अंतर वाढतंय? मग वारा. इथे पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा. दुपारनंतर वारा समुद्राकडून आत येतो. खाडीच्या वरच्या अंगाला, पूर्वेला जाताना तो पाठीशी असतो, बॅटरी भरपूर वाटते. परतताना तोच तोंडावर. शिवाय खाली जाणवतो त्याहून वर जोर जास्त. म्हणून दुपारी उडवायचाच तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जा.

बॅटरी चांगली, सिग्नल चांगला, उंचीही भरपूर आणि नोंद एकदम तुटली, तर बॅटरी नीट बसली होती का ते आठव. अचानक गिरक्या घेत खाली आला असेल तर पंखा तुटला, नाहीतर घारीनं झडप घातली. पाण्यालगत उडवत होतास? खालचे सेन्सर हलत्या, चकाकत्या पाण्यावर फसतात. रेल्वे पुलाच्या लोखंडाजवळून उडवलास तर होकायंत्र बिघडतं, वर 25,000 व्होल्टच्या तारा आहेतच. तारापूरच्या अणुवीज केंद्राकडे तर ड्रोन नेऊच नकोस. तिकडे ड्रोन राहील बाजूला, लोक तुलाच शोधत येतील.

शोधायला ओहोटीला जा, शेवटचं ठिकाण नकाशावर घेऊन, सोबत खाडीचा चिखल ओळखणारा माणूस घेऊन. रुळांवर, पुलावर चढायचं नाही. रेल्वे कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि मिळालाच, तर खाऱ्या पाण्यातून निघालेली बॅटरी चार्जरला लावू नकोस, घरातही ठेवू नकोस. ती नंतरही पेट घेते.