आदल्या दिवसाचं विमान

क्रूझ ठरली की केबिन बाल्कनीची घ्यायची की आतली, यावर घरात आठवडा आठवडा खल चालतो. विमानाचा विषय निघतो तो अगदी शेवटी, पैसे भरताना. ‘विमानाचं तिकीटही आमच्याकडूनच घ्या’ असं कंपनी सुचवते आणि निवडी करून दमलेला माणूस हो म्हणून मोकळा होतो. रॉयल कॅरिबियनची एअरटूसी, प्रिन्सेसची ईझेडएअर, हॉलंड अमेरिकाची फ्लाइट ईझ, कार्निव्हलची फ्लायटूफन अशा नावांनी ही सोय मिळते. मुंबई-पुण्यातले एजंटही सिंगापूरची क्रूझ आणि विमान मिळून एकच आकडा सांगतात. याबाबत आपल्या मंडळींत दोन मतं ठामपणे मांडली जातात. कंपनीकडून तिकीट काढलं की विमानाला उशीर झाला तरी जहाज थांबतं, हे एक. स्वतः काढलं की नेहमी स्वस्त पडतं, हे दुसरं. दोन्ही अर्धीमुर्धी खरी आहेत आणि त्यांच्यावर भिस्त ठेवून लाखांचा व्यवहार करणं धोक्याचं आहे. माझं म्हणणं असं, की तिकीट कुणाकडून घ्यायचं हा नंतरचा प्रश्न. विमान कोणत्या दिवसाचं घ्यायचं हे आधी ठरवावं, आणि मग तिकिटाचा ताबा शक्यतो आपल्याकडे ठेवावा. कंपनीचं विमान घेण्याजोगे प्रसंग जरूर येतात. पण ते थोडे असतात आणि आधीच ओळखता येतात.

पहिली समजूत आधी घेऊ. जहाज सुटायची वेळ कप्तानाच्या मर्जीवर नसते. अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजाला प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या ६० मिनिटं आधी सीमाशुल्क खात्याला द्यावी लागते, म्हणून ‘सगळे जहाजावर’ ही वेळ सुटण्याच्या तास-दीड तास आधीची असते. बंदराचा पायलट ठरलेला असतो, धक्का दुसऱ्या जहाजासाठी मोकळा करायचा असतो आणि गमावलेला वेळ भरून काढायचा तर वेग वाढवून इंधन जाळावं लागतं. मार्च २०२४ मध्ये नॉर्वेजियन डॉन हे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या साओ तोमे बेटावर आठ प्रवाशांना मागे ठेवून निघून गेलं, कारण ते स्वतंत्रपणे घेतलेल्या सहलीवरून वेळेत परतले नाहीत. त्यांनी जहाजाला गाठण्यासाठी गांबियापर्यंत मजल मारली, पण भरती-ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही. अखेर सेनेगलमधल्या डाकारला भेट झाली. जहाजाच्या आणि माणसाच्या वेळेत तफावत पडली की काय होतं, ते यातून दिसतं. कंपनीच्या विमानाने येणाऱ्यांसाठी जहाज कधी थांबलंच तर एकाच विमानात शे-दोनशे प्रवासी अडकलेले असतात तेव्हा. दोघांसाठी कुणी थांबत नाही, तिकीट कुणाकडूनही घेतलेलं असो.

कंपनी जे देते ते वचन वेगळं आहे. उशीर झाला तर आम्ही दुसरं विमान शोधू आणि तेही जमलं नाही तर पुढच्या बंदरात तुम्हाला जहाजावर पोचवू. ऐकायला हे भक्कम वाटतं, पण ‘पुढचं बंदर’ या दोन शब्दांशीच घोडं अडतं. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी अलास्काची आठवड्याची फेरी घ्या. ही जहाजं परदेशी ध्वजाखाली चालतात, आणि १८८६ च्या अमेरिकी कायद्यानुसार परदेशी जहाजाला एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात प्रवासी नेता येत नाहीत. सिएटलला जहाज चुकलेला प्रवासी विमानाने अलास्कातल्या केचिकनला किंवा जुनोला जाऊन चढला आणि सिएटलला उतरला, तर नेमकं तेच घडतं. वाटेत कॅनडातलं व्हिक्टोरिया लागतं, पण इतकं जवळचं परदेशी बंदर या कायद्याला पुरेसं नाही. परिणामी कंपनी त्याला चढूच देत नाही. व्हिक्टोरियाला चढायला कायद्याची हरकत नाही, मात्र तिथे ही जहाजं बहुधा शेवटच्या संध्याकाळी लागतात. अलास्का तोवर मागे पडलेलं! फ्लोरिडाच्या फेऱ्यांना हा कायदा सहसा आडवा येत नाही, कारण पुढचं बंदर बहुधा बहामात किंवा मेक्सिकोत असतं. तिथे दुसरी मेख आहे. अमेरिकेच्या नागरिकाला त्याच बंदरात परतणाऱ्या क्रूझवर पासपोर्टऐवजी जन्मदाखल्यावर जाता येतं, म्हणून तिथली कितीतरी मराठी कुटुंबं मुलांचे पासपोर्ट काढत नाहीत. जहाज चुकलं तर हीच मुलं मेक्सिकोतल्या कोझुमेलला जाणाऱ्या विमानात बसू शकत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, निदान दुसरं विमान शोधायला कंपनी मदत करते, एकट्याने धावाधाव करण्यापेक्षा ते बरं. एरवीच्या दोन-तीन तासांच्या उशिराला हे खरं आहे, आणि अनेकदा या मदतीमुळे माणसं वेळेत पोचतातही. पण खरी भीती साध्या उशिराची नसते. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस अमेरिकेतल्या साउथवेस्ट विमान कंपनीची १६ हजारांहून अधिक उड्डाणं रद्द झाली. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने संगणक बंद पडले तेव्हा डेल्टाने पाच दिवसांत सुमारे ७ हजार उड्डाणं रद्द केली. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांना इंडिगो तयार नव्हती, आणि एकाच दिवशी हजारावर उड्डाणं कोलमडली. अशा वेळी प्रत्येक विमान भरलेलं असतं. नसलेली सीट कंपनीलाही मिळत नाही. हाताशी एक दिवस असेल तर बस, गाडी, शेजारच्या शहरातलं विमान, काहीतरी जुळतं. आदल्या दिवशी पोचणाऱ्याची जहाज चुकण्याची शक्यता त्याच दिवशी उतरणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी, हे समजायला आकडेवारी लागत नाही. भारतातून जाणाऱ्यांनी तर दोन दिवस धरावेत. एक रात्र जेटलॅगची आणि एक अडचणीची.

एका रात्रीचं हॉटेल म्हणजे फुकटचा खर्च, अशी तक्रार लगेच येते, आणि रजेचा एक दिवस जातो हेही खरंच. पण समोरचा तराजू पाहा. जहाजावर वेळेत न पोचलेल्याला क्रूझचे पैसे परत मिळत नाहीत. एका रात्रीच्या खोलीसमोर चौघांच्या क्रूझची सगळी रक्कम उभी आहे. बंदर आणि विमानतळ एकाच गावात असतात हाही गैरसमजच. पोर्ट कॅनाव्हरल ओरलँडोच्या विमानतळापासून सुमारे ७० किलोमीटर आहे, गॅल्व्हेस्टन ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळापासून १०० किलोमीटरहून लांब. ‘रोम’ म्हणून विकलं जाणारं बंदर चिव्हिटाव्हेक्किया असतं, तेही रोमच्या विमानतळापासून ६०-७० किलोमीटरवर. कंपनीच्या यंत्रणेला मात्र त्याच दिवशी सकाळी उतरणारं विमान पुरतं, कारण ते तिच्या नियमात बसतं. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवसाचं विमान मागून घेता येतं, पण ते मागावं लागतं.

आता ताब्याचा मुद्दा, जो मला किमतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कंपनीची स्वस्त तिकिटं बहुधा घाऊक करारातली असतात. ती बऱ्याचदा क्रूझचे पूर्ण पैसे भरल्यानंतर निघतात आणि तोवर हाती फक्त आरक्षण असतं. सीट निवडायला थांबावं लागतं आणि दर्जावाढ बहुधा मिळत नाही. विमान कंपनीने वेळ बदलली तर तिच्याकडे फोन करूनही ‘ज्यांनी काढलं त्यांच्याशी बोला’ असं उत्तर मिळतं. परताव्यातही तीच साखळी. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या २०२४ च्या नियमानुसार विमान रद्द झाल्यास, किंवा आंतरराष्ट्रीय उड्डाण ६ तास किंवा त्याहून अधिक हलल्यास, प्रवाशाला पैसे परत मागता येतात, पण ते परत करण्याची जबाबदारी कार्डाच्या व्यवहारात विक्रेता म्हणून ज्याचं नाव येतं त्याची. थेट विमान कंपनीकडून घेतलं असेल तर मधला माणूसच राहत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याला आणखी एक कारण आहे. यंत्रणा स्वस्त मार्ग शोधते, तुमचा पासपोर्ट पाहत नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. लंडन किंवा टोरांटोमार्गे जायचं तर ट्रान्झिटचे नियम वेगळे. कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची, हे कलम प्रत्येक कंपनीच्या अटींत असतं आणि तिथे ती हात वर करते. पुण्याहून लेकीकडे आलेल्या आईबाबांना बार्सेलोनाची क्रूझ भेट द्यायची असेल, तर मार्ग आपण निवडलेला बरा. जहाज मध्येच तुर्कस्तानच्या कुशादासीला जाऊन परत ग्रीसला येत असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा हवा, हेही त्याच वेळी पाहावं.

आईबाबांना विमान कंपनीच्या फोनवर तासभर ताटकळणं जमणार नाही, हा आक्षेप मला पटतो. मात्र त्याला उत्तर क्रूझ कंपनी नव्हे, ओळखीचा चांगला ट्रॅव्हल एजंट आहे. फोन उचलणारा आणि पीएनआरसोबत १३ आकडी तिकीट क्रमांकही लगेच देणारा. नागपूर-मुंबईचं तिकीट वेगळं आणि मुंबईहून पुढचं वेगळं, असं त्याला करू देऊ नये. पहिलं विमान उशिरा आलं तर वेगळ्या तिकिटावरची दुसरी विमान कंपनी काही देणं लागत नाही. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असावा. विमाही घ्यावा, पण चुकलेल्या जोडणीच्या कलमात ‘पुढचा प्रवास’ म्हणजे फक्त विमान की जहाजही, हे विकत घेण्याआधी लेखी विचारावं. आणि कराचंही पाहावं. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या जून २०२३ च्या परिपत्रकानुसार नुसतं आंतरराष्ट्रीय तिकीट म्हणजे परदेशी सहलीचं पॅकेज नव्हे. तिकीट, मुक्काम अशा किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तर ते पॅकेज ठरतं. विमान पॅकेजमध्ये घातलं की टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, त्याच्या रकमेवरही कापला जातो. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकून राहतात. दर अलीकडे वारंवार बदललेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा.

कंपनीचं विमान घ्यावं असे प्रसंग कोणते? वसंतात किंवा शरदात जहाजं समुद्र बदलतात, बार्सेलोनाला चढून मायामीला उतरायचं असतं. अशा एकेरी आंतरराष्ट्रीय तिकिटाला विमान कंपन्या कधीकधी जाण्या-येण्यापेक्षाही जास्त पैसे लावतात, तिथे कंपनीचा करारातला दर खरोखर कमी निघू शकतो आणि ‘स्वतः काढलं की नेहमी स्वस्त’ ही दुसरी समजूत खोटी पडते. अंटार्क्टिकाच्या मोहिमांत ब्यूनोस आयर्सहून उशुआयाला जाणारं विमान अनेकदा कंपनीनेच भाड्याने घेतलेलं असतं. त्यातून बाहेर पडून स्वतःची वाट काढणं हा निव्वळ हट्ट. युरोपात राहणाऱ्यांनी तिथूनच क्रूझ-विमान एकत्र घेतलं तर २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशाचं संरक्षण मिळतं, सगळ्या सहलीची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. ठाण्यात बसून घेतलेल्या पॅकेजला ते कवच आहे असं समजू नये. आणि क्रूझ कंपनीनेच फेरी रद्द केली, तर तिच्याकडून घेतलेलं विमानही क्रूझबरोबर रद्द होतं. स्वतः काढलेल्या तिकिटाचं ओझं आपल्या गळ्यात राहतं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या बंदरांतून क्रूझ थांबल्या तेव्हा हा फरक ठळक झाला. म्हणून स्वतः काढताना तारीख बदलता येईल असं तिकीट घ्यावं, थोडे पैसे जास्त गेले तरी.

परतीचं गणित वेगळं आहे आणि तिकडे कुणी फारसं पाहत नाही. जहाज पहाटे धक्क्याला लागलं तरी सामान, इमिग्रेशन आणि रांगा उरकून बाहेर पडायला नऊ-दहा वाजतात. मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलसारख्या जवळच्या विमानतळालाही दुपारी बाराच्या आधीचं विमान घेऊ नये, चिव्हिटाव्हेक्कियाहून तर दोनच्याही नंतरचं पाहावं. यात कंपनीच्या विमानाचा एक खरा फायदा आहे. जहाजच उशिरा आलं तर चूक तिचीच, त्यामुळे नवं विमान शोधण्याची धडपड बहुधा तीच करते. जूनपासून नोव्हेंबरपर्यंतच्या वादळांच्या काळात फ्लोरिडाला परतणाऱ्यांनी जाताना स्वतःचं आणि येताना कंपनीचं एकेरी तिकीट घेण्याचा विचार करावा, दरांत फार फरक नसेल तर. हिवाळ्यात गॅल्व्हेस्टन आणि टँपा ही बंदरं धुक्यापायी अधूनमधून काही तास बंद राहतात आणि जहाज बाहेर समुद्रात ताटकळतं. तिथून निघणाऱ्यांनी संध्याकाळचं विमान घ्यावं. मुंबईचं आंतरराष्ट्रीय विमान त्याच दिवशी पकडायचं असेल, तर ते दुसऱ्या दिवसावर ढकलावं.