पठण, ‘ची’ आणि शील

सकाळच्या वंदनेनंतर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, पठणाने शरीरात ऊर्जा वाहते का?”

प्राचीन चिनी विचारात ‘ची’ म्हणजे श्वास, वाफ आणि सर्व वस्तूंत वाहणारी जीवनशक्ती. धम्म चीनमध्ये पोहोचला, तेव्हा ही कल्पना तेथे रुजलेली होती. ६व्या शतकात तिआनताई परंपरेचे आचार्य झी-यी यांनी ध्यानग्रंथात आजारावर सहा प्रकारच्या उच्छ्वासांचा उपाय सांगितला. अशा रीतीने चिनी श्वासविद्या बौद्ध साधनेत मिसळली.

पठणाचे मूळ प्रयोजन मात्र निराळे आहे. इ. स. पू. १ल्या शतकात सिंहलद्वीपात त्रिपिटक लिहिले गेले. तोवर भिक्खुसंघाने ते सामूहिक पठणानेच जपले. पठण ही संघाची स्मृती होय. डोहात टाकलेला धोंडा लोकांच्या प्रार्थनेने वर येत नाही, हे तथागतांनी असिबंधकपुत्राला समजावले होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसह लाखोंनी त्रिशरण-पंचशील उच्चारले. त्या उच्चारात चमत्काराची अपेक्षा नव्हती. माणूस म्हणून जगण्याचा निर्धार होता. संथ पठणाने मन स्थिरावते, हे खरे. परंतु उच्चारलेले शील दिवसभर पाळले, तरच पठण सार्थ ठरते.